सर्वे भरून पैसे? माह्याकडून २ स्टार
कापूस येचणं झाल्यावर दुपारी रिकामाच रायतो म्हणून सर्वेवालं एक ॲप टाकलं. दर्यापूरकडं आमचं खेडं, नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीखाली, तिथं बसून १५ मिनिटं साबण कोणता, गाडी कोणती, कमाई किती सांगत बसा अन् शेवटी म्हणते तुम्ही या सर्वेत बसत नाही, मंग आधीच काऊन नाही सांगतलं बाप्पा! दीड महिन्यात १८० रुपयाचे पॉइंट झाले, काढाले ५०० लागते, तेही व्हाउचर, गावच्या किराण्यात ते कोण घेते? फुकट हाय एवढंच बरं. दुसऱ्या एका ॲपनं तर २९९ रुपये रजिस्ट्रेशन मागतलं, लगेच उडवलं. कोणी भरून फसलं असन त १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनले फोन लावा.