शुद्ध गणित की कुटुंबाचं अर्थशास्त्र? एमएस्सीनंतर संशोधनाची वाट निवडताना

गणितात एमएस्सी करता करता काहींना दोन वाटा खुणावू लागतात. एक म्हणजे शुद्ध गणितातच पीएचडी: संख्या सिद्धांत, बीजगणित, टोपॉलॉजी. दुसरी म्हणजे हेच गणित घेऊन अर्थशास्त्रात शिरायचं, आणि तिथेही लग्न, हुंडा, घरकाम, वारसाहक्क, मुलांची शाळा अशा प्रश्नांकडे वळायचं. गॅरी बेकर यांना 1992 साली नोबेल मिळालं, ते बऱ्याच अंशी याच विषयांत अर्थशास्त्र नेल्याबद्दल. त्यामुळे ही शाखा आता आडबाजूची राहिलेली नाही.

या दोन वाटांत खरा फरक काय, हे एकाच विषयावरून पाहू. विषय लग्नाचा.

1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी एक छोटा पेपर लिहिला. समजा मुलं-मुली सारख्याच संख्येनं आहेत आणि प्रत्येकानं समोरच्या बाजूच्या सगळ्यांचा पसंतीक्रम लावला आहे. मग जोड्या अशा लावता येतात का, की आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जायला दोघंही तयार आहेत असं कुणीच उरणार नाही? उत्तर: नेहमी येतात, आणि अशा जोड्यांना स्थिर म्हणतात. सिद्धतेत ना कलन लागतं, ना कुठलं मोठं सूत्र. त्यांच्या पद्धतीत एक बाजू आपल्या पसंतीक्रमानं मागणी घालत जाते. शिवाय पुढे असंही निघतं की मागणी ज्या बाजूनं घातली जाते, त्या बाजूच्या प्रत्येकाला स्थिर जोड्यांतला शक्य तेवढा उत्तम जोडीदार मिळतो. हे 1962 साली खरं होतं, आजही आहे आणि कुठल्याही नव्या सर्वेक्षणानं खोटं ठरणार नाही. (शॅपलींना 2012 साली नोबेल मिळालं तेही अर्थशास्त्राचं.)

आता दुसरी वाट. सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतल्या काही खेड्यांत इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं 1975 पासून घराघरांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली: पीक, मजुरी, खाणं, कर्ज, सोयरीक. या आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणा) अशाच खेड्यांच्या आकडेवारीवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 साली मांडलं की कोरडवाहू भागातली कुटुंबं लेकी लांबच्या गावी देतात, त्यामागे पावसाचा हिशेब असतो. इथे दुष्काळ पडला तरी व्याह्यांच्या गावी पडेलच असं नाही, आणि अडीनडीला तिकडून मदत येते. अशा घरांच्या खाण्यापिण्याच्या खर्चात चढउतार कमी दिसले.

मला हा पेपर फार आवडतो. पण तो वाचला की मराठी माणसाच्या मनात प्रश्न उठतातच. जिथे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे तिथे अंतर कोण ठरवतं, नातं की पाऊस? जात लहान असेल तर स्थळासाठी लांब जावंच लागतं, ते वेगळं कसं काढणार? या शंका कधी पूर्ण मिटत नाहीत. नवी आकडेवारी येते, नवी पद्धत येते, आणि तोच प्रश्न पुन्हा उघडतो.

निवड करताना मी सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला देईन. गणितात तुम्ही एकाच ठिकाणी दोन-तीन वर्षं अडून राहू शकता आणि हाती दाखवण्यासारखं काहीच नसतं, पण सुटलं की कायमचं सुटतं. कुटुंबाच्या अर्थशास्त्रात पहिल्या महिन्यापासून काम असतं आणि माणसं भेटतात, पण तुमचं उत्तर आयुष्यभर वादातच राहणार. यातली कुठली अस्वस्थता तुम्हाला सोसवते?

अर्थशास्त्रात आकड्याशी वागण्याची वेगळी शिस्तही लागते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की विनामोबदला घरकामात बायका दिवसाला 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97. वरवर वाटतं, पुरुष दीड तास तरी करतात. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे, आणि तसे पुरुष होते जेमतेम 26 टक्के. गणिताच्या विद्यार्थ्याला हा फरक समजायला वेळ लागत नाही. तो शोधायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती, दोन्हीकडे सारखीच: 2023 पासून महिना 37,000, पुढे 42,000, वर घरभाडं. फरक पीएचडीनंतर पडतो. शुद्ध गणितात एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनपदं), बहुधा परदेशात, आणि कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. अर्थशास्त्रात पीएचडीनंतर थेट प्राध्यापकी मिळण्याची शक्यता अधिक. शिवाय रिझर्व्ह बँक, जागतिक बँक, धोरणसंस्था हे दरवाजेही असतात.

मुलींनी इथे आणखी एका गोष्टीचा विचार करावा, आणि त्यांच्या घरच्यांनीही. मंगला नारळीकर टीआयएफआरमध्ये (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) संशोधन करत होत्या. मग लग्न, केंब्रिज, मुली, घर. त्यांची पीएचडी लग्नानंतर पंधराएक वर्षांनी, 1981 साली झाली, तीही संख्या सिद्धांतात. त्यांची जिद्द मोठीच. पण मधल्या वर्षांत घराची वाटणी कशी झाली, हा प्रश्न कुटुंबाच्या अर्थशास्त्राचाच आहे. गणिताला सलग, कुणी न मोडलेले तास लागतात. ते घरात कोण देणार, हे पीएचडीला नाव नोंदवायच्या आधी बोलून घ्या.

मन अजून ठरत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी गणित पक्कं करा. गणिताकडून अर्थशास्त्राकडे जाता येतं. जेरार देब्रू गणितातूनच आले आणि 1983 साली अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन गेले. उलटी वाट फार थोड्यांना जमली आहे. आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्था) परिमाणात्मक अर्थशास्त्राच्या एमएस या पदव्युत्तर पदवीसाठी गणिताच्या पदवीधरांना प्रवेश परीक्षा देता येते. आपल्याकडे पुण्याची गोखले संस्था आहे, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. मात्र गणित जमेना म्हणून तिकडे जाऊ नका. प्रश्नावली घेऊन परक्या घराच्या ओसरीवर तास-दोन तास बसणं, सासूसमोर सुनेला नीट बोलता येत नाही हे ओळखणं, याची ज्याला ओढ नाही त्याच्यासाठी हा विषय नुसता आकड्यांचा ढीग ठरेल.

पारखून पाहायला एक उन्हाळा पुरतो. एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी शिबिराला अर्ज करा; तिथे महिनाभर दिवसरात्र गणितच असतं. निवड झाली नाही तर एखादं अवघड प्रमेय घेऊन घरीच बसा. उरलेल्या सुट्टीत वेळ-वापर सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवून घ्या, ती फुकट मिळते, आणि त्यातली महाराष्ट्रातली घरं वेगळी काढून तुमचा स्वतःचा एक प्रश्न तिला विचारा. जेवायला हाक मारलेली कुठल्या कामात ऐकू आली नाही, त्याची नोंद ठेवा.