दामिनी, सचेत आणि फ्लडवॉच : नदीकाठच्या गावात कोणतं ॲप किती कामाचं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात वैनगंगेच्या किंवा तिच्या उपनद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी मोबाइलवर तीन सरकारी ॲप ठेवावीत. विजेसाठी दामिनी, पुरासाठी फ्लडवॉच इंडिया आणि एकूण इशाऱ्यांसाठी सचेत. तिन्ही फुकट आहेत. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किंवा जंगलात राबणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये एकाचीच जागा असेल तर दामिनी घ्यावं. मात्र यातलं कोणतंही ॲप नुसतं डाउनलोड करून ठेवलं तर ऐन वेळी वाजेलच याचा भरवसा नाही. फोनच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटं घालवावी लागतात आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

दामिनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलं आहे. वीज कडाडते तेव्हा तिच्यातून रेडिओ लहरी निघतात. देशभर बसवलेले सेन्सर त्या टिपतात आणि कोणत्या सेन्सरपर्यंत लहर किती उशिरा पोचली यावरून वीज कुठे पडली ते काढतात. ती ठिकाणं ॲपच्या नकाशावर दिसतात आणि तुमच्याभोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिघात विजेचा धोका असेल तर सूचना येते.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण ॲपची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. ढगांची रांग पश्चिमेकडून सरकत येत असेल तर दामिनी उत्तम काम करतं. असं वादळ ताशी ३०-४० किलोमीटरने पुढे येत असेल तर २० किलोमीटरवरची वीज म्हणजे हाताशी अर्धा तास. तेवढ्या वेळात रोवण्याची (धान लावणीची) सगळी माणसं बांधीतून काढून गावात पोचवता येतात. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर डोक्यावरच ढग फुगतो आणि अर्ध्या तासाच्या आत त्यातून वीज पडते. त्या ढगाची पहिली वीज पडण्याआधी या यंत्रणेकडे टिपायला काहीच नसतं. म्हणजे मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात, माणसं जंगलात विखुरलेली असतात नेमकी तेव्हा, दामिनीवर एकट्यावर विसंबता येत नाही. काळाभोर, कोबीच्या गड्ड्यासारखा वर चढणारा ढग दिसला की नकाशा कोरा असला तरी निघायचं.

ॲप गप्प असताना कानांनी मोजायची रीत प्रत्येकाला यायला हवी. लख्ख उजेड दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. ३० सेकंद किंवा त्याहून कमी भरले तर काम तिथेच थांबवायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. ट्रॅक्टर किंवा डिझेल इंजिन चालू असेल तर गडगडाट कानावर येतच नाही, म्हणून चिखलणी चालू असलेल्या बांधीत धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) एका माणसाने आभाळावर नजर ठेवावी.

आता सेटिंग. नोंदणी झाली की अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग दामिनी, मग परमिशन्समध्ये जाऊन लोकेशनला ‘अलाउ ऑल द टाइम’ द्या. ‘व्हाइल युजिंग द ॲप’ ठेवलं तर फोन खिशात गेल्यावर ॲपला तुमचा पत्ता राहत नाही. नंतर बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. शाओमी, विवो, ओपो, रियलमी या फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. ही मंडळी बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲप बंद करून टाकतात आणि दोष दामिनीवर येतो. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनात नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी द्यावी लागते.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. अँड्रॉइड ११ पासून पुढे, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. दिवाळीनंतर दामिनी कोणी उघडत नाही. मार्चमध्ये अवकाळीचे ढग येतात तेव्हा ॲप फोनमध्ये दिसतं, पण लोकेशनची परवानगी गेलेली असते. म्हणून ॲपच्या माहितीच्या पानावर खाली ‘पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ असं बटण आहे ते बंद करा. काही फोनांत त्याचे शब्द थोडे वेगळे असतात. शिवाय होळीच्या सुमारास एकदा ॲप उघडून नकाशावरचा ठिपका आपल्या गावावर आहे ना ते बघा. तो नागपुरावर किंवा मागच्या प्रवासाच्या जागी अडकलेला असेल तर इशारेही तिथलेच येतील.

इंटरनेट नसेल तर दामिनी निरुपयोगी, हे सरळ सांगायला हवं. भामरागड, एटापल्ली, कोरची भागात टॉवरची रेंज तुटक असते आणि वादळात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही बसतो. तिथे मघाची सेकंद मोजायची रीतच मुख्य आधार.

इशारा आल्यावर काय करायचं यात गावोगावी एकच चूक दिसते. रोवणा करणाऱ्या बायका पावसापासून वाचायला धुऱ्यावरच्या एकाच मोहाच्या झाडाखाली जमतात. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत पसरते आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम गाठते. शेतातली झोपडी, मचाण, उघडा मंडप आणि टपाशिवायचा ट्रॅक्टर यांतलं काहीही सुरक्षित नाही. पक्कं घर, शाळा, ग्रामपंचायतीची इमारत किंवा काचा चढवलेली, पत्र्याच्या टपाची गाडी चालते. पक्क्या घरातही मोटारीचा स्टार्टर, प्लगला लावलेला चार्जर आणि नळ यांना हात लावू नका. तारेच्या कुंपणापासून लांब राहा, सौर कुंपणाचं मशीन बंद असलं तरीही, कारण कुठेतरी लांब पडलेली वीज तारेतून धावत येते. ढोरं कुंपणाला किंवा झाडाला बांधलेली असतील आणि वेळ असेल तर मोकळी करा.

कुठेच आडोसा नसेल तर बांधीच्या पाण्यातून बाहेर या, एकमेकांपासून लांब पांगा, दोन्ही पाय जुळवून टाचा एकमेकींना टेकवा आणि उकिडवं बसून डोकं खाली घ्या. आडवं पडायचं नाही. ही शेवटची तडजोड आहे, संरक्षण नव्हे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. एकाच वेळी अनेकांना लागली असेल तर निपचित पडलेल्याकडे आधी धावा. कण्हणाऱ्याचा श्वास चालू असतो.

सचेत हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ॲप. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग आणि राज्याच्या यंत्रणा यांचे इशारे एका ठिकाणी येतात, आणि मराठीत वाचता येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि शहरात कामाला गेलेल्या मुलांसाठी ते चांगलं, कारण आपल्या जागेशिवाय दुसरी जागाही निवडता येते. पुण्यात बसलेल्या मुलाने देसाईगंज निवडलं तर तो घरी फोन करून सांगू शकतो.

कमी पडतं ते बारकाव्यात. बरेचसे इशारे जिल्हाभराचे असतात. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, बारा तालुक्यांचा. ‘गडचिरोली जिल्ह्यात पुढील तीन तासांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे कोरचीलाही लागू आणि सिरोंच्यालाही. चार वेळा इशारा येऊन आपल्या गावात थेंब पडत नाही, मग लोक पाचवा वाचत नाहीत. इथे हवामान खात्याचे शब्द कामी येतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे इशारा खोटा नव्हता, पाऊस शेजारच्या तालुक्यात झाला असेल. ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, ‘अति जोरदार’ ११५.६ च्या वर आणि २०४.४ च्या वर गेला तर अतिवृष्टीची सर्वात वरची पायरी. पिवळा रंग दिसला की लक्ष ठेवायचं, नारिंगी दिसला की धान्य आणि ढोरं हलवायची तयारी, लाल दिसला की नदीकाठच्या वस्तीने वाट बघत बसायचं नाही.

साध्या फोनवर ही ॲप चालत नाहीत. पण सचेतच्याच यंत्रणेतून विशिष्ट भागातल्या सगळ्या फोनांना एसएमएस जातात, आणि २०२३ मध्ये देशभर ज्याची चाचणी झाली तो मोठ्या आवाजाचा सेल ब्रॉडकास्ट इशाराही येऊ शकतो. त्याला इंटरनेट लागत नाही. स्मार्टफोनमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ चालू आहे का ते तपासा. चाचणीच्या वेळी दचकून तुम्ही ते बंद करून टाकलं असेल.

फ्लडवॉच इंडिया केंद्रीय जल आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलं. नकाशावर नदीची मोजणी केंद्रं दिसतात आणि पातळीप्रमाणे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल रंग. माहिती हिंदी आणि इंग्रजीत, आवाजातही ऐकता येते. मराठी असती तर गावात दुप्पट वापर झाला असता.

हे ॲप वापरताना आपल्या गावाचं नाव शोधू नका. आपल्या वरच्या अंगाचं केंद्र शोधा. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पाणी तिथून येतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पूर्व विदर्भ बुडाला तो मध्य प्रदेशातल्या अतिवृष्टीने आणि वरच्या संजय सरोवर धरणातून सुटलेल्या पाण्याने. भंडाऱ्याच्या माणसाने शिवनी-बालाघाटचा पाऊस बघायचा, पवनीच्या खालच्यांनी कारधा केंद्राची पातळी आणि गोसीखुर्द धरणाचा विसर्ग (सोडलेलं पाणी), आणि सिरोंच्याच्या माणसाने प्राणहिता व गोदावरी दोन्ही.

पातळीचा आकडा मीटरमध्ये असतो, पण ती पाण्याची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची असते. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. धोका पातळीपासून किती खाली आहे आणि तासाला किती चढते आहे, या दोनच गोष्टी टिपा. धरणाच्या निरोपातही असंच फसायला होतं. ‘गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले’ ऐकून धावपळ होते, पण दरवाजे अर्धा मीटर उचलले की तीन मीटर, यावर सगळं अवलंबून. विसर्गाचा आकडा विचारा. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक, ५,००० क्युमेक म्हणजे जवळपास १ लाख ७६ हजार क्युसेक. व्हॉट्सॲपवर एकक गाळून आकडा फिरतो तेव्हा पस्तीस पटींचा घोळ होतो.

फ्लडवॉच एक गोष्ट दाखवत नाही आणि तीच गावांना बुडवते: फुगवटा. मोठी नदी भरली की गावामागच्या नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट नदीचंच पाणी नाल्याने मागे चढतं. नदीकडे बघत बसलेल्या गावात पाणी शेताच्या बाजूने येतं आणि रस्ता आधी तुटतो. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा जुना पूल असाच लवकर पाण्याखाली जात आला आहे. म्हणून प्रत्येक गावाने नाल्यावरच्या रपट्याच्या (ठेंगण्या पुलाच्या) खांबावर ऑइलपेंटने एक-एक फुटाच्या खुणा कराव्यात आणि वरच्या केंद्रावर अमुक पातळी असताना आपल्या खुणेवर पाणी किती तासांनी आलं, ते वहीत तारखेसह लिहावं. दोन-तीन पावसाळ्यांत ही वही गावापुरती कोणत्याही ॲपपेक्षा नेमकी होते.

समुद्र इथून लांब असला तरी किनाऱ्याचे इशारे विदर्भाने वाचायलाच हवेत. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यावरून छत्तीसगडमार्गे आपल्याकडे सरकतात. २६ सप्टेंबर २०२१ ला कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलेलं ‘गुलाब’ चक्रीवादळ विरत विरत विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पाऊस घेऊन आलं होतं. सचेतवर किंवा हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर ओडिशा-आंध्रचा लाल इशारा दिसला की पूर्व विदर्भाच्या हातात साधारण एक-दोन दिवस असतात. कापलेल्या धानाच्या कळपा उचलायला, बोडीचा (लहान तलावाचा) सांडवा मोकळा करायला तेवढे पुरतात.

मेघदूत हे शेतकऱ्यांसाठीचं सरकारी ॲप या यादीत घेतलेलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा त्याचा शेती सल्ला फवारणी-पेरणीसाठी चांगला आहे, तासाभरात येणाऱ्या संकटासाठी नाही.

या तिन्ही ॲपच्या निर्मात्यांनी एक करावं: विजेचा आणि पुराचा इशारा फोन सायलेंटवर असला तरी वेगळ्या भोंग्याने वाजावा. तोपर्यंत गावाने एक सोय करून ठेवायची. पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई आणि रोजगार सेवक अशा चौघांच्या फोनवर तिन्ही ॲप वर सांगितल्याप्रमाणे चालू करायची, प्रत्येकाकडे १०,००० एमएएचची पॉवरबँक भरलेली ठेवायची आणि मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्याला इन्व्हर्टरची जोडणी द्यायची, कारण वादळात लाइन सगळ्यात आधी जाते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर चौघांच्याही फोनमध्ये, आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून.