जुनी जर्मन कानटोपी घेतली, दुकानाला पाचात साडेतीन

म्युनिकला आल्यापासून दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या हिवाळी टोप्या जमवायचा नाद लागलाय, तर इथून तासाभरावर एका गावात एक म्हातारे काका जुन्या लष्करी वस्तू विकतात तिथला हा अनुभव. दुकान कसलं गॅरेजच ते, फक्त शनिवारी उघडं, कार्ड चालत नाही, फोन उचलत नाहीत.

गेलो होतो सशाच्या फरची टोपी घ्यायला. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे यांच्या सैन्याकडे गरम कपडेच धड नव्हते, थंडीआधी रशिया उरकू हा हिशोब, मग डिसेंबरात गोबेल्सने घराघरातून फर, लोकर, स्वेटर मागवले. त्यानंतर टोप्या इतक्या तऱ्हेच्या निघाल्या की विचारू नका, काही तर सरळ रशियनांकडून मिळालेल्या उशांका (कानपट्ट्यांच्या रशियन फरटोप्या), पुढे जर्मन सैन्याचं चिन्ह असलेला गरुड शिवला की झाली जर्मन! ताडून बघायला एक ठरलेला नमुना नाही त्यामुळे नकली माल करणाऱ्यांचं फावतं.

काकांनी ३४० युरोची एक काढली. मी यूव्ही टॉर्च मारला तर गरुडाची शिवण निळी चमकली, म्हणजे दोरा युद्धानंतरचा (त्यात आणि आजच्या डिटर्जंटमध्ये यूव्हीखाली चमकणारं रसायन असतं). जुनी टोपी आजच्या डिटर्जंटमध्ये धुतली तरी चमकते, मान्य, पण मग सगळीच चमकेल ना, नुसती शिवणच कशी? काकांनी उलटसुलट बघितलं, टोपी जुनी आहे गरुड नंतर लावलाय म्हणाले आणि किंमत खोडून १९० केली. प्रामाणिक माणूस म्हणावं तर मला अजून वाटतं त्यांना आधीच माहीत होतं, टॉर्च नसता तर ३४० घेतलेच असते. नाही घेतली. दीड गुण तिथेच गेला.

घेतली ती कोप्फशुट्सर, ५५ युरोला. राखाडी लोकरीची विणलेली नळी, दोन्ही बाजूंनी उघडी, गळ्यात घाला नाहीतर डोक्यावरून ओढून वर हेल्मेट चढवा, आपल्या माकडटोपीची सख्खी बहीणच. नवीन जमवणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करा, स्वस्त आहे आणि स्वस्तिकवाला गरुड नाही त्यामुळे कायद्याची कटकट नाही (इथे ते चिन्ह उघड मिरवणं गुन्हा आहे, डीलर लोक फोटोत त्यावर पट्टी चिकटवतात). फक्त युद्धानंतरच्या सैन्याच्याही अशाच नळ्या आहेत, त्या युद्धातल्या म्हणून खपवतात, तेव्हा एखादा सुटा धागा जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर कृत्रिम धागा, सरळ परत द्या.

माझ्या नळीला दोन ठिकाणी रफू आहे, तेही तपकिरी लोकरीने, कुणी केलं देव जाणे पण मला तेच सगळ्यात आवडलं. काकांनी फुकट दिलेली गोष्ट म्हणजे कसर. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली डांबरगोळ्या घाल आणि उन्हात टाक, पण कडक उन्हात रंग उडतो, म्हणून घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवलीये, मटारशेजारी.