यील्ड की स्लीप? विहिरीवरच्या पाळीवरून

वरुड भागात संत्र्याची बाग असलेल्या घरांत एकाच विहिरीवर दोन-तीन भावांची पाळी असते. जावा प्रोग्रॅममधले थ्रेड, म्हणजे प्रोसेसरवर पाळीपाळीनं चालणारी कामं, त्यांचं गणित मला तिथंच उमगलं.

यील्ड म्हणजे आपली पाळी चालू असताना बाजूला सरून "कोणाले पाहिजे असंन तं घ्या" म्हणणं. माणूस मात्र धुऱ्यावरच उभा! शेड्युलरसाठी, म्हणजे पाळी वाटणाऱ्यासाठी, ती फक्त सूचना. तो ऐकेलच असं नाही. दुसरं कोणी तयार नसेल तर पाळी लगेच तुमच्याकडे परत. म्हणून 'झालं का, झालं का' विचारणाऱ्या लूपमध्ये यील्ड टाकलं तरी प्रोसेसर तापतच राहतो. लिनक्समध्ये तर हा कॉल रिअल-टाइम, म्हणजे वेळेची सक्ती असलेल्या कामांच्या, धोरणांसाठीच आहे; साध्या थ्रेडवर त्याचा परिणाम ठरलेला नाही. मी यील्ड फक्त टेस्टिंगमध्ये, लपलेली रेस कंडिशन (थ्रेडांचा क्रम बदलला की होणारी चूक) उघडी पाडायला वापरतो.

स्लीप म्हणजे सरळ घरी जाणं. तेवढा वेळ रांगेत नावच नाही. उठल्यावर पुन्हा रांग: 10 मिलिसेकंद मागितले तर 12सुद्धा लागू शकतात.

खरी मेख लॉकची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची. दोन्हींत लॉक सुटत नाही. मोटरच्या खोलीची चावी खिशात घालून झोपलात, तर रात्रीची लाइन असूनही भावांची झाडं कोरडीच. चावी खुंटीला टांगून दुसऱ्या थ्रेडच्या हाकेची वाट पाहत थांबायचं असेल तर वेट वापरा. जाग आल्यावर अट पुन्हा तपासा. हाक नसतानाही कधी कधी जाग येते.