नायगारा झाला, आता शिकागो की न्यू ऑर्लिन्स?

न्यू जर्सीला मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा पहिल्या फेरीतच उरकतं. दुसऱ्या फेरीत प्रश्न येतो, आता कुठे? लास वेगसला एक रात्र पुरते. सॅन फ्रान्सिस्को सुंदर आहे, पण तिकडे कुणी ना कुणी नातेवाईक असतोच, त्यामुळे ते आपोआप होतं. खरी निवड करायची ती शिकागो आणि न्यू ऑर्लिन्समध्ये.

शिकागो बघायचं ते नदीतून. इमारतींची माहिती देत फिरवणाऱ्या बोटी आहेत. इतर काही जमलं नाही तरी ही फेरी चुकवू नका. १८७१च्या आगीत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला आणि त्या महागड्या जमिनीवर लोक उंच बांधू लागले. १८८५ची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग ही जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. ती १९३१ साली पाडली, पण तिची पुढची सगळी खानदान काठावर उभी आहे. ज्या नदीत तुम्ही असता तीही उलटी वाहते. शहराची घाण पिण्याच्या पाण्यात, म्हणजे मिशिगन सरोवरात जाऊ नये म्हणून कालवा खणून १९०० साली तिचा प्रवाहच फिरवला. ११० मजली सिअर्स टॉवरचे (आता विलिस) स्ट्रक्चरल इंजिनिअर फजलूर रहमान खान मूळचे ढाक्याचे. मिलेनियम पार्कातला तो चकचकीत ‘बीन’ मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरांचा. आणि विवेकानंद १८९३ साली जिथे बोलले ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट. आत चित्रं अशी आहेत की अर्धा दिवस सहज जातो. विमानतळावरून थेट लोकल, डेव्हॉन अॅव्हेन्यूवर देशी जेवण. सोय म्हणाल तर शिकागोला तोड नाही.

न्यू ऑर्लिन्सला यातलं फारसं काही नाही. तरीही ‘वेगळं शहर कोणतं?’ एवढंच विचाराल तर माझं मत त्याला.

१७१८ साली फ्रेंचांनी वसवलं, मग ते स्पेनकडे गेलं आणि १८०३ साली अमेरिकेने विकत घेतलं. फ्रेंच क्वार्टर हा शहराचा जुना भाग नावाला फ्रेंच. १७८८ आणि १७९४च्या आगींनंतर बरंचसं स्पॅनिश अमदानीत पुन्हा उभं राहिलं. जवळच काँगो स्क्वेअर आहे. गुलाम माणसं तिथे रविवारी जमून ढोल वाजवत, नाचत. जॅझच्या मुळांपैकी एक इथलं. जॅझचा मोठा वादक लुई आर्मस्ट्राँग याच शहरात १९०१ साली जन्मला. बर्बन स्ट्रीटवर एक चक्कर मारा आणि निघा, तो दारूचा गोंगाट आहे. जॅझ ऐकायला रात्री फ्रेंचमेन स्ट्रीट गाठा. नाहीतर प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये बसा: छोटी जुनाट खोली, साधी बाकं आणि हातभर अंतरावर वादक. आपल्याकडची घरगुती बैठक आठवते.

मार्डी ग्रा म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलचाच भाऊबंद, लेंटच्या उपवासांआधीचा. गर्दी सोसत नसेल तर तो आठवडा टाळा.

शाकाहाऱ्यांची इथे पंचाईत होते. भेंडी घातलेल्या गम्बोतही (इथला दाट रस्सा) बहुधा कोळंबी नाहीतर सॉसेज असतं आणि राजमा-भातासारखा दिसणारा पदार्थ डुकराच्या मांसाबरोबर शिजलेला असतो. बेन्ये (साखर भुरभुरलेले तळलेले पाव) आणि चिकोरीच्या कॉफीवर किती वेळ काढणार? शिवाय शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे. २००५च्या कतरिना वादळात बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्यात गेलं. त्या आठवणी लोकांच्या बोलण्यात अजून येतात.

पण बहुतेकांचा निकाल ऋतूच लावेल. आपले आईवडील अमेरिकेला जातात ते एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातले मे ते सप्टेंबर हे शिकागोचे सर्वांत चांगले महिने. न्यू ऑर्लिन्सला तेव्हा घामाच्या धारा आणि जूनपासून चक्रीवादळांचा हंगाम. उलट जानेवारीत शिकागोला जाणं म्हणजे शिक्षा. तेव्हा जुलैत जाणार असाल, गुडघे कुरकुरत असतील किंवा नातवंडं बरोबर असतील, तर शिकागो. हिवाळ्यात मुक्काम असेल आणि मासे-मटण चालत असेल, तर डोळे मिटून न्यू ऑर्लिन्स.

ऑक्टोबरअखेर जमत असेल तर दोन्ही करा. आर्मस्ट्राँग १९२२ साली दक्षिणेतून शिकागोला गेला. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसं अशीच उत्तरेकडे आली आणि शिकागोचा ब्लूज त्यांच्याबरोबर आला. आज तुम्हाला उलट दिशेने जाता येतं. ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ ही गाडी रात्री शिकागोहून सुटते, मेम्फिस आणि मग मिसिसिपी राज्य करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. साधारण १९ तास. स्लीपर महाग आहे, पण बसायच्या खुर्च्या चांगल्या ऐसपैस असतात. डबा मात्र बरोबर घ्या.