मराठी विकिपीडियावर उत्पाताची गस्त: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल: लेखांतली खोडसाळ मोडतोड (उत्पात) शोधून उलटवण्याची रोजची गस्त ‘अलीकडील बदल’चं पान आणि ट्विंकल (उलटवण्याचे दुवे देणारं साधन) एवढ्यावर भागते. त्या पानावर लेख किती वाढला-घटला हे सांगणाऱ्या फक्त कंसातल्या आकड्यांवर विसंबलात, तर सगळ्यात वाईट उत्पात नाकाखालून निघून जातो.

तो आकडा अक्षरांचा नसतो, बाइटचा असतो, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा) ३ बाइट खातं. ५०० बाइटच्या वरचा बदल ठळक दिसतो. इंग्रजीत तो मोठा परिच्छेद. मराठीत जेमतेम दोन-तीन ओळी. त्यामुळे ठळक लाल आकडा दिसला की धावायचं कारण नाही. उलट कोणी जन्मसाल १९२७ चं १९७२ केलं, तर आकडा येतो शून्य. ‘मान्य केले’ पुढे ‘नाही’ चिकटवलं तर +१३, म्हणजे चार चिन्हं आणि एक मोकळी जागा. अर्थ उलटा झाला, पण यादीत ते शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसारखं दिसतं. आणि −८ दिसलं तर बहुधा कोणीतरी सालाचे देवनागरी आकडे रोमन केलेत; तो उत्पात नव्हे. अख्खा लेख कोरा करणारा लगेच सापडतो. खरी डोकेदुखी शून्य ते वीसच्या आतली, त्यामुळे तिथे ‘फरक’ (आधीचा आणि नंतरचा मजकूर दाखवणारा दुवा) उघडण्याला पर्याय नाही.

बदलांच्या यादीवरच्या गाळण्यांची मांडणी अशी ठेवली: नोंदणी नसलेले आणि ‘नवागत’ (१० पेक्षा कमी संपादनं किंवा ४ दिवसांपेक्षा कमी वावर) यांना वेगवेगळा रंग, सांगकामे (आपोआप संपादनं करणारे प्रोग्राम) बंद, ५० ऐवजी ५०० बदल. ही मांडणी जतन करता येते. रोज नव्याने टिचक्या मारू नका. ‘छो’ (छोटा बदल) खुणेवर भरवसा नको, ती ज्याची त्याने लावलेली असते.

उलटवताना सर्वाधिक चूक होते ती द्रुतमाघारीत, म्हणजे एका टिचकीत उलटवण्याच्या सोयीत. ती फक्त शेवटच्या सदस्याची सलग संपादनं मागे घेते. एकाच माणसाने दोन खात्यांतून पाठोपाठ घाण केली असेल, तर एका टिचकीत लेख पहिल्या घाणीवर जाऊन थांबतो, वर आपली सही! म्हणून ‘इति’ (लेखाचा इतिहास) उघडायचं, शेवटची स्वच्छ आवृत्ती शोधायची, ती संपादनासाठी उघडून जतन करायची, आढाव्यात (बदलासोबतच्या टिपेत) कारण लिहायचं. मधल्या कोणी केलेली चांगली भर पुन्हा हाताने घालावी लागते. कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं.

ट्विंकलमध्ये उलटवण्याचे तीन दुवे येतात: सद्भावनेचा, साधा आणि उत्पाताचा. ‘कखग’ टंकून बघणारा किंवा मोबाइलवर चुकून विभाग उडवणारा नवखा असतो. त्याला पहिला दुवा आणि धूळपाटीचा (सरावाच्या पानाचा) पत्ता द्या. तिसरा दुवा शिवीगाळ नि जाणूनबुजून केलेल्या खोडसाळपणापुरता.

संपादन गाळणीबद्दल (ठरावीक मजकुराचं संपादन आपोआप पकडणाऱ्या नियमाबद्दल) मत अर्धंमुर्धं. शब्द कुठे सुरू होतो-संपतो ते ओळखणारी शब्दसीमेची नेहमीची खूण मराठीत दगा देते, कारण मात्रेला ती अक्षर धरत नाही आणि शब्दाच्या मध्येच सीमा मानते. गाळणीत दोन अक्षरी शिवी टाकली की भलेभले शब्द अडकतात. त्यावर तोडगा म्हणजे शिवीच्या आधी-नंतर कुठलंही देवनागरी चिन्ह नसल्याची अट स्वतः लिहायची. शिवाय अदृश्य जोडचिन्ह मध्ये टाकून शिवी निसटते, तेही अटीत धरावं लागतं. नवी गाळणी निदान आठवडाभर नुसती नोंद करत ठेवा, नोंदी वाचा, मग इशारा, आणि रोखणं शेवटी. घाई केली की आडनावं आणि जातींवरचे लेख प्रामाणिकपणे सुधारणारे आधी अडकतात. असल्या लेखांवर भांडण पेटलं की प्रचालकांकडून (जादा अधिकार असलेल्या सदस्यांकडून) काही दिवसांचं अर्धसुरक्षण (नवख्यांना संपादनबंदी) घेतलेलं बरं.

नोंदणी न करता संपादन करणाऱ्याला आपोआप मिळणाऱ्या तात्पुरत्या खात्यांनी काम थोडं वाढवलंय. टिल्ड आणि वर्षाने सुरू होणारं नाव ९० दिवस टिकतं, पण ब्राउझरमधली कुकी पुसली की तोच माणूस नव्या नावाने हजर. तेव्हा नावापेक्षा सवय ओळखा: तोच लेख, तीच ओळ, तसलाच आढावा.

गावांच्या लेखात घुसलेले मोबाइल नंबर, कोणाच्या घराचा पत्ता, धमकी अशा गोष्टी उलटवून भागत नाही, जुन्या आवृत्तीत त्या वाचता येतात. आवृत्ती लपवण्याची विनंती प्रचालकाला ईमेलने करायची. चावडीवर (चर्चेच्या जाहीर पानावर) दुवा टाकलात, तर ज्याने तो नंबर पाहिला नव्हता तोही जाऊन पाहतो.