जेएसएस प्रश्नावली, तीन फेऱ्यांनंतर: सगळा घोळ त्या १९ उलट्या विधानांचा

स्पेक्टर यांची १९८५ची जेएसएस (जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे), म्हणजे नोकरीतलं समाधान मोजणारी प्रश्नावली: ३६ विधानं, नऊ पैलू, १ (अजिबात सहमत नाही) ते ६ (पूर्ण सहमत) गुण, एकूण ३६ ते २१६. हे माहीत असेलच. तक्रार एकच, उलटी विधानं, म्हणजे ज्यांना 'सहमत' म्हटलं तर नाराजी दिसते ती. छत्तीसात तब्बल १९. 'नियम-कार्यपद्धती', 'संवाद' आणि 'कामाची दखल' या पैलूंत तर चारांतली तीन.

बेरजेआधी ती '७ वजा गुण' करून पलटायची असतात. विसरलात तर? पूर्ण खूश माणूस १७ सरळ विधानांना ६ आणि १९ उलट्यांना १ देतो: १०२ अधिक १९, म्हणजे १२१. पार वैतागलेला: १७ अधिक ११४, म्हणजे १३१. वैतागलेलाच वरचढ! शिवाय दोन्ही आकडे १०८ ते १४४ या 'धड ना इकडे, धड ना तिकडे' पट्ट्यात पडतात, त्यामुळे अहवाल बघून कुणाला शंकाही येत नाही.

स्प्रेडशीटची खोड वेगळीच. ७ वजा रिकामी चौकट म्हणजे ७. सहाच्या मापावर सात! चौकट रिकामी असेल तर रिकामीच राहू दे, अशी अट आधी घाला. गाळलेल्या उत्तराच्या जागी शून्य नको. त्याच माणसाची त्याच पैलूतली, पलटल्यानंतरची सरासरी टाका. पलटलेले गुण नव्या रकान्यात ठेवा, नाहीतर कुणीतरी दुसऱ्यांदा पलटतं आणि ये रे माझ्या मागल्या.

पहिल्या फेरीनंतर मत होतं, ही विधानं काढूनच टाकावीत. ते मागे घेतलं. डोळे झाकून सगळीकडे ६ मारणारा पलटल्यावर १२१ वर येतो आणि 'पगार' पैलूत त्याचे गुण ६, १, १, ६ असे दिसतात. लगेच पकडता येतो. सगळी विधानं सरळ असती तर हाच गडी २१६ घेऊन सरासरी फुगवून गेला असता. मिनेसोटा या दुसऱ्या समाधान-प्रश्नावलीच्या २० कलमी छोट्या फॉर्मची मोजणी सोपी, पण तिथे ही चाळणी नाही.

मराठी करताना मात्र जपून. 'इथे काय चाललंय ते कळत नाही' याला उत्तर 'अजिबात सहमत नाही'. दोन नाहींच्या मध्ये माणूस अडकतो. 'अंधारात ठेवलं जातं' असं लिहा.

आणि पाचपेक्षा कमी माणसांच्या विभागाचे आकडे वेगळे दाखवू नका. 'वरिष्ठ' पैलूला कुणी किती दिले ते साहेबांना ओळखता येतं, मग पुढच्या फेरीत सगळे मुकाट गोड गोड भरून मोकळे.